डोक्यावरचं आवाळू: पिळण्याआधी हे वाचा

डोक्याच्या मागची गाठ बहुधा आपल्याआधी न्हाव्याला सापडते. पुण्यात कसब्यातल्या एखाद्या सलूनमध्ये कंगवा थांबतो आणि प्रश्न येतो, "काका, इथे गाठ आहे, माहितीये ना?" घरी पोचेपर्यंत काका मनाने थेट कॅन्सरपर्यंत गेलेले असतात, नाहीतर आरशापुढे उभे राहून दोन बोटांनी ती पिळायला लागलेले असतात. पहिली धास्ती बहुतेक वेळा फुकटची असते. पिळणं मात्र महागात पडतं.

अशी गाठ बहुधा आवाळू असते. कातडीखाली एक बारीक थैली तयार होते आणि तिच्या आतल्या अस्तरातून केराटिन सुटत राहतं. नखं-केस ज्याचे बनतात, तोच हा पदार्थ. बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तो साचतो आणि गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. केसपेपरवर डॉक्टर सवयीने 'सेबेशिअस सिस्ट' लिहितात, पण त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथींशी तिचा संबंध नसतो. त्यामुळे तेलकट खाणं सोडून ती जिरत नाही. डोक्यावरची आवाळवं पुष्कळदा घराण्यात चालत येतात, तेव्हा वडिलांना किंवा आत्याला होती का, तेही विचारून ठेवा.

आधी गाठ नीट बघा. दुसऱ्या कुणाकडून शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढून घ्या. दोन महिन्यांनी ती वाढली की नाही, यावर वाद उरत नाही. पाठ, मान किंवा चेहऱ्यावरच्या गाठीवर बारीक काळा ठिपका दिसतोय का? तो या सिस्टची चांगली खूण आहे, फक्त डोक्यावरच्या गाठीला तो बहुधा नसतो. गाठ मऊ, बोटाखाली सरकणारी आणि वरची कातडी मोकळी असेल, तर ती चरबीची गाठ असू शकते. दोन-तीन दिवसांत लाल होऊन ठणकायला लागलं, तर ते गळू. काखेत हाताच्या किंवा जांघेत पायाच्या जखमेपाठोपाठ आलेलं अवधाण निराळंच. मानेच्या बाजूला आलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर मात्र घरी अंदाज बांधत बसू नका. आपल्याकडे क्षयाची गंडमाळ अजून दिसते आणि तिचं निदान सुईच्या तपासणीने होतं.

आता काय करायचं नाही ते. सुई तापवून टोचायची नाही. चुना-हळदीचा लेप नको आणि बिब्बा तर मुळीच नको. बिब्ब्याने कातडी भाजते, गाठ तशीच राहते आणि वर जखम होते. पिळून घाण वासाचा पांढरा लगदा निघतो, माणूस खूश होतो, पण थैली आतच असते. ती पुन्हा भरते. त्याहून वाईट म्हणजे पिळताना ती आतल्या आत फुटते, केराटिन मांसात सांडतं आणि सगळी जागा लालबुंद होते. ही सूज पुष्कळदा जंतूंची नसतेच, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अँटिबायोटिकचा उपयोग होईलच असं नाही. कोमट पाण्याचा कपडा दिवसातून तीन-चार वेळा ठेवायला हरकत नाही.

काही बाबतींत मात्र थांबू नये. ताप आहे, लाली पसरतेय, मधुमेह आहे, गाठ टणक होऊन खाली चिकटली आहे, भराभर वाढतेय किंवा वर व्रण पडलाय, तर लगेच दाखवा. लहान मुलाच्या नाकावर, भुवईशी किंवा डोक्याच्या मधोमध जन्मापासून गाठ असेल, तर तिला कुणालाही हात लावू देऊ नका. तिचा धागा कधीकधी कवटीच्या आत गेलेला असतो आणि आधी स्कॅन लागतो.

दाखवायला कसब्यातून लांब जावं लागत नाही. मंगळवार पेठेत महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय आहे, रास्ता पेठेत केईएम, आणि स्टेशनजवळ ससून. सर्जरीच्या ओपीडीत जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, साखर, भुलीच्या इंजेक्शनचा पूर्वी झालेला त्रास आणि जखमेचे व्रण फुगून वाढण्याची सवय, या चार गोष्टी विचारण्याची वाट न पाहता सांगा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

गाठ त्रास देत नसेल, तर काहीच न करणं हाही रीतसर उपाय आहे. सुजली असेल, तर पू काढतात किंवा सूज उतरवणारं इंजेक्शन देतात, आणि काही आठवड्यांनी सगळं शांत झाल्यावर थैली काढतात. सुजलेल्या जागी थैलीची भिंत ठिसूळ असते, तुकडा मागे राहतो आणि गाठ परत येते. शांत गाठ मात्र जागेवर भूल देऊन बहुतेक वेळा अर्ध्या तासात, अस्तरासकट निघते. त्यासाठी टक्कल करावं लागत नाही. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याच्या डोक्यावरचं आवाळू ॲस्टली कूपरने काढलं, तेव्हा भूल नव्हती आणि जखम चिघळण्याची भीती सर्जनलाच जास्त होती. यश आलं, म्हणून त्याला सरदारकी मिळाली.

तारीख जरा विचार करून घ्या. टाके चेहऱ्यावर 5 ते 7, डोक्यावर 7 ते 10 आणि पाठीवर 10 ते 14 दिवस राहतात. ढोल-ताशा पथकात असाल आणि गाठ कमरेवर, ढोलाची दोरी काचते तिथेच असेल, तर ती सराव सुरू होण्याच्या बऱ्याच आधी काढून घ्या. ताज्या जखमेवर दोरीही नको आणि गुलालही नको. डोक्यावरच्या टाक्यांवर हेल्मेट कधीपासून चालेल, ते डॉक्टरांना विचारा आणि तोवर दुचाकी घरी ठेवा. पहिले एक-दोन दिवस जखम कोरडी राहू द्या.

खर्च विचारताना ड्रेसिंग, टाके काढणं आणि गाठीची पॅथॉलॉजी तपासणी त्यात धरली आहे का, हे आधीच स्पष्ट करून घ्या. काढलेली गाठ टाकून न देता तपासायला पाठवा, असं सांगा. टाके काढायला जाल तेव्हा तो रिपोर्ट मागून घ्या आणि केसपेपरला लावून ठेवा.