ओढ्यातील नत्राचा हिशेब

प्रश्न : धानाच्या बांधीत टाकलेल्या युरियापैकी किती नत्र ओढ्यावाटे वैनगंगेस मिळते, हे गणिताने सांगता येईल काय?
– एक शेतकरी, खैरलांजी (जि. बालाघाट)

उत्तर : सांगता येते; मात्र केवळ पोत्यांची मोजदाद करून नव्हे. ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र असते. त्यातील काही पिकास लाभते, काही अमोनियारूपाने हवेत उडते, आणि साचल्या पाण्याखालील प्राणवायुहीन मातीत सूक्ष्मजंतू नायट्रेटचे वायूत रूपांतर करीत असल्यामुळे काही अंश बांधीतच खर्ची पडतो.

उरलेल्याचा प्रवास अधिक मनोरंजक आहे. ओढ्याच्या गाळातही हेच जंतू नांदत असल्याने, पाणी जितके उथळ व संथ, तितका त्याचा तळाशी संबंध निकट आणि नत्राची घट मोठी. समजा, तळाची शोषणगती, म्हणजे पाण्याच्या जेवढ्या जाडीच्या थरातील नायट्रेट तळ शोषून घेतो ती जाडी, दिवसाला १० सेंटिमीटर धरली, तर २० सेंटिमीटर खोल ओढ्यात अर्ध्या दिवसात सुमारे २२ टक्के नायट्रेट नाहीसे होते. २ मीटर खोल नदीत जेमतेम अडीच टक्के. मिसिसिपीच्या खोऱ्याविषयी २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचाही निष्कर्ष हाच होता. म्हणूनच ओढे सरळ व खोल खोदण्याचा सरसकट उत्साह मला तरी शहाणपणाचा वाटत नाही.

आपल्या ओढ्याचा आकडा हवा असल्यास प्रवाह, खोली व नायट्रेट यांच्या नोंदी ठेवाव्या लागतील. रोवणीनंतर खत दिल्यावर पहिला जोराचा पाऊस पडेल, त्या दिवसाचा नमुना चुकवू नये.