चाचणी म्हणते, मी ‘पाहून शिकणारी’!

प्रश्न : मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. शिकण्याची आवडती पद्धत सांगणाऱ्या व्हार्क चाचणीत माझा कल ‘पाहून शिकणारी’ असा आला. जाडजूड पुस्तकं सोडून फक्त व्हिडिओ पाहिले तर चालेल का?

उत्तर : नाही. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची ही प्रश्नावली तुम्हाला काय आवडतं एवढंच सांगते. काय लक्षात राहील, हे नाही. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा कलानुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा सापडला नाही. शिवाय पद्धत विषयच ठरवतो. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं, चित्र काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही, हृदयातली मर्मर कानांनीच ओळखावी लागते, यकृत वाढलंय का ते बोटांना कळतं. रुग्ण काही तुमचा कल विचारून आजारी पडत नाही!

व्हिडिओ जरूर पाहा. पण तो बंद करून कोऱ्या कागदावर प्लेक्ससच्या शाखा आठवून काढा, चुकलेल्या शाखा पुस्तकात शोधा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा काढा. असं आठवून पाहिलेलं नुसत्या पुनर्वाचनापेक्षा जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. आणि डिसेक्शनला दांडी मारू नका. अ‍ॅटलासमधले मज्जातंतू पिवळेधमक असतात, टेबलावरचे नसतात.