पंधरा पाऊणे सव्वाअकरा



काही महिन्यांपूर्वी आम्ही रविवारच्या मिस्सानंतर ११ वाजता धर्मग्रामाची सभा ठेवली होती. कोळीवाड्यातून एकही पुरुष आला नाही. 'यांना धर्मग्रामाच्या कामात रस नाही,' असे आम्ही मनातल्या मनात ठरवूनही टाकले. पुढे एका वयस्क तांडेलांनी हसत विचारले, "फादर, तिथी बघितली होती का? त्या दिवशी पौर्णिमा होती." आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, पण हा प्रश्न काही आम्हांला उमगला नाही. त्यांनी जे समजावून सांगितले तोच आजचा पाठ.

तिथी आणि पाणी

तिथीच्या अंकाला पाऊणने गुणावे. जो आकडा येईल, साधारण त्या वेळी आपल्या किनाऱ्यावर भरती पूर्ण होते. अष्टमीला आठ पाऊणे सहा; पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर सुमारे बारा तासांनी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून पाणीही रोज मागे सरकते. थोडक्यात, आम्ही सभा भरवली ती नेमकी होड्या भरतीवर खाडीबाहेर काढण्याच्या वेळी!

पौर्णिमा-अमावास्येला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत येतात व समुद्राला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास पाण्याचा जोर ओसरतो. त्याला भांग म्हणतात. डोळ या जाळ्याचे सारे काम या ओढीवरच चालते. डोळ म्हणजे एका बाजूला निमुळती होत गेलेली लांब पिशवी. समुद्रतळाशी खुंट रोवून तिचे तोंड प्रवाहाकडे धरतात. इथे माणूस माशामागे धावत नाही, पाणीच मासा आणून देते. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली हे सारे डोळीचे धन.

ओल्या बोंबलात पाणी फार, त्यामुळे तो लवकर खराब होतो. म्हणून दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वलांडीवर उन्हात टांगतात. हे वाळवणे, विकणे आणि घराचा हिशेब सांभाळणे मुख्यतः आपल्या कोळी भगिनी करीत आल्या आहेत.

वसईचा वारसा

१५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली. पोर्तुगीज काळात येथे जहाजे बांधली जात. याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया समुद्रमार्गे जपानला पोहोचले आणि १५९७ साली नागासाकी येथे हुतात्मा झाले. किल्ल्याचा इतिहास आपण मुलांना सांगतो. पण किल्ल्याचे धनी बदलले तरी पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा येथे जाळे विणणारे हात थांबले नाहीत. तो इतिहास दगडावर कोरलेला नाही. तो माणसांच्या स्मरणात आहे. माणूस गेला की तोही जातो.

तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल माशांविषयी लिहिण्यापूर्वी कोळ्यांना विचारीत असे. हा शहाणपणा आम्हांला उशिरा सुचला.

आज काय पणाला लागले आहे?

२०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. हा मान त्याला मिळाला तो त्याची संख्या घटत असल्याच्या काळजीतून. अंडी घालण्याआधीच पिल्ले जाळ्यात आली तर पुढच्या वर्षी समुद्र काय देणार? लहान आसाचे जाळे टाकणारा दोषी आहेच. पण बाजारात स्वस्त म्हणून बोटभर पापलेट घेणारे आपणही त्यात वाटेकरी आहोत. पावसाळ्यातली मासेमारीबंदी ही केवळ सरकारी अट नाही. ती माशांच्या विणीसाठी सोडलेली मोकळी वाट आहे.

पेत्र आणि त्याचे सोबती कोळी होते. प्रभूने त्यांना बोलावले तेव्हा ते आपल्या जाळ्यांपाशीच होते. त्या कामाला कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

या आठवड्यासाठी

१. धर्मशिक्षण वर्गातील मुलांनी एका वृद्ध कोळी बंधू किंवा भगिनीकडून वारे, जाळी व मासे यांचे दहा शब्द लिहून आणावेत.
२. घरात पापलेटची पिल्ले विकत घ्यायची नाहीत, असे सर्वांनी मिळून ठरवावे.
३. आपल्या कामात 'रस नाही' असे आपण कोणाविषयी न विचारताच ठरवले आहे का, यावर चिंतन करावे.

पुढील सभेची वेळ आम्ही तांडेलांना विचारून ठरवली आहे. त्या दिवशी भांग आहे.

आपले धर्मगुरू