काळा लघुग्रह सिल्व्हिया : एक पाठ

मंगळ व गुरू यांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरणाऱ्या लहानमोठ्या असंख्य खडकांस लघुग्रह म्हणतात. त्यांच्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेस सिल्व्हिया नावाचा एक मोठा, काळा लघुग्रह आहे. नॉर्मन पॉगसन याने तो १६ मे १८६६ रोजी मद्रास वेधशाळेतून शोधला. नुसत्या डोळ्यांस तो दिसत नाही. मग त्याची माहिती मनुष्यास कशी झाली, हे मुलांस उमगावे, हा या पाठाचा हेतू होय. नुसते आकडे पाठ करवून तो साधणार नाही.

अंतर : पालीसारख्या गावातील शाळेच्या पटांगणात एका मुलास सूर्य करावे. त्याच्यापासून २ पावलांवर पृथ्वी, ३ पावलांवर मंगळ, ७ पावलांवर सिल्व्हिया व साडेदहा पावलांवर गुरू उभा करावा. सिल्व्हियाच्या एका प्रदक्षिणेस सुमारे साडेसहा वर्षे लागतात.

शोध : दुर्बिणीतून सिल्व्हिया ताऱ्यासारखाच ठिपका दिसतो, परंतु तारे परस्परांपासूनची जागा सोडीत नाहीत, हा ठिपका मात्र रात्रीगणिक सरकतो. या सरकण्यावरूनच लघुग्रह ओळखला जातो.

आकार : सारखे दोन खडे घेऊन एक काजळीने व दुसरा चुन्याने माखावा आणि दोन्ही उन्हात ठेवावे. काळा खडा अधिक तापतो. सिल्व्हिया आपल्यावर पडलेल्या प्रकाशाच्या १०० भागांपैकी सुमारे ४ भागच परतवितो, उरलेल्याने तापतो. त्याची उष्णता व प्रकाश दोन्ही मोजून आकार काढता येतो. त्याचा सरासरी व्यास सुमारे २७० किलोमीटर आहे. पालीहून सरळ रेषेत निघाल्यास पुणे मागे पडले तरी तेवढे अंतर पुरे होणार नाही.

वजन : सिल्व्हियास दोन उपग्रह आहेत. रोम्युलस २००१ साली व रीमस २००४ साली सापडला. एकाहून अधिक उपग्रह असलेला हा पहिला ज्ञात लघुग्रह होय. उपग्रह किती अंतरावरून व किती वेगाने फिरतात, यावरून मधल्या पिंडाचे वस्तुमान कळते. ते आकाराच्या मानाने थोडे निघाले. आपल्या भागातील काळा पाषाण पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो. सिल्व्हिया दीडपटही नाही. म्हणून त्याच्या पोटात पोकळ्या किंवा बर्फ असावे, असे शास्त्रज्ञ मानतात.

प्रश्न : १. तारा व लघुग्रह यांतील भेद कसा ओळखाल? २. उपग्रह नसते, तर सिल्व्हियाविषयी कोणती गोष्ट कळणे कठीण झाले असते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलाने स्वतःच्या शब्दांत दिले, तर पाठ सफल झाला असे समजावे.