आधी हेल्मेट, मग बॅट

परीक्षा संपल्या की नागपूरच्या बर्डीतल्या खेळाच्या साहित्याच्या दुकानांत उभं राहायला जागा मिळत नाही. विदर्भानं 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा रणजी करंडक आणला. पोराला 'सीझन बॉल'वर खेळायला घालायची हौस आता घरोघरी आहे. दुकानात मात्र दृश्य ठरलेलं. पोरगा बॅटींच्या रॅकपासून हलत नाही, वडील दहा हजारांचं बजेट सांगतात, त्यातले सात-आठ हजार इंग्लिश विलो खाऊन टाकते आणि उरलेल्या पैशांत हेल्मेट येतं. तेही दोन वर्षं पुरावं म्हणून एक साइझ मोठं. दुकानदार म्हणतो, "चालून जाते जी." नाही चालत.

हिशेब उलटा करा. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी ढोबळ भाव असे: हेल्मेट दीड ते तीन हजार, मानेमागचं नेक गार्ड चारशे ते सातशे, एल-गार्ड दीडशे ते तीनशे, थाय पॅड साडेतीनशे ते सातशे, बॅटिंग पॅड हजार ते अठराशे, ग्लोव्ह्ज सहाशे ते बाराशे. म्हणजे अंग झाकायला चार ते पावणेआठ हजार. दुकान आणि ब्रँडप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल. बॅटला उरतील त्यात काश्मीर विलो घ्या, दीड ते तीन हजारांत बरी मिळते. पोरगं वर्षभरात उंच होणार आणि बॅट तशीही बदलावी लागणार.

हेल्मेटपाशी मात्र घाई करू नका. आत किंवा मागे 'बीएस 7928:2013' असा शिक्का आहे का ते बघा. हे क्रिकेट हेल्मेटचं ब्रिटिश मानक आहे. मग ते मुलाच्या डोक्यावर चढवा, हनुवटीचा पट्टा लावा आणि त्याला मान जोरात हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर वळलं पाहिजे, मागून पोहोचता कामा नये. दुकानातला एक चेंडू मागून घ्या आणि वरची कड व जाळी यांच्या फटीत घालून पाहा. चेंडू आत शिरत असेल तर ते हेल्मेट परत ठेवा. "नीट दिसत नाही" म्हणून जाळी वाकवून किंवा वर सरकवून घेण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो तर अजिबात नको. जोराचा फटका बसलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद समजा. त्यामुळे वरच्या आळीतल्या दादाचं जुनं हेल्मेट फुकट मिळालं तरी घेऊ नये. पॅड खुशाल घ्या.

नेक गार्ड म्हणजे चोचले, असं काही प्रशिक्षकही म्हणतात. नोव्हेंबर 2014 मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज यानं हेल्मेट घातलेलंच होतं. चेंडू लागला तो त्याखाली, मानेला, आणि दोन दिवसांनी तो गेला. पाचशे रुपयांच्या वस्तूवर यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही.

चेंडूचं वजनही विचारा. मोठ्यांचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा असतो. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी क्रिकेटच्या नियमांतच 133 ते 144 ग्रॅमचा चेंडू सांगितला आहे. उन्हाळी शिबिरात मात्र स्वस्त पडतं म्हणून सगळ्यांना एकच चेंडू देतात.

शाळेकडून सॉफ्टबॉल किंवा बेसबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी तर जास्त सावध राहावं. बारा इंची सॉफ्टबॉल 178 ते 198 ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही जड. इथे कॅचरचा मास्क, छातीचं कवच आणि नडगीचे गार्ड बहुधा शाळेच्या एकाच संचातले असतात आणि चौदा वर्षांखालच्या मुलीला एकोणीसचं माप चढवलं जातं. बॅट घेऊन उभ्या राहणाऱ्याला आणि धावणाऱ्यालाही हेल्मेट हवं. बेसबॉलमध्ये आणखी एक दुखणं म्हणजे खांदा आणि कोपर. अमेरिकेत 1939 साली सुरू झालेल्या लिटल लीगमध्ये नऊ-दहा वर्षांच्या पिचरला दिवसाला 75 आणि अकरा-बारा वर्षांच्या पिचरला 85 फेकींच्या पुढे जाऊ देत नाहीत. आपल्याकडे चांगला हात असलेल्या पोराला तो थकेपर्यंत फेकायला लावतात, आणि तेज गोलंदाजाचंही तेच. मोजायला लागते फक्त एक वही. तुमच्या सरांकडे ती आहे का?

उन्हाचं नागपूरकरांना वेगळं काय सांगायचं. तरी मे महिन्यात सकाळी नऊपर्यंत चालणारी शिबिरं आहेतच. सहा ते आठची बॅच मिळत नसेल तर शिबिर सोडा. मैदानावर सावली आणि पिण्याचं पाणी आहे का ते स्वतः जाऊन बघा. ओआरएसची पुडी वीस-पंचवीस रुपयांत औषधाच्या दुकानातून घ्या. फळांचे फोटो असलेली गोड पेयं ओआरएस म्हणून विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली आहे. घरचं पन्हंही उत्तम.

चेंडू डोक्याला लागला तर त्या दिवशी खेळ बंद. "काही नाही झालं" हे पोराचं म्हणणं ग्राह्य धरू नका, कारण त्याला संघातून बाहेर बसायचं नसतं. उलटी, गुंगी, बोलण्यात गडबड दिसली की 108 ला फोन किंवा थेट मेडिकल किंवा मेयो रुग्णालय.

विम्याचंही आधीच तपासा. वर्षाला 20 रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा अठरा वर्षांखालच्यांना लागू नाही. घरच्या आरोग्य विम्यात मुलाचं नाव असलं, तरी ॲडमिट न होता केलेल्या प्लास्टरचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत.

आता ज्याला पैसे लागत नाहीत आणि जे विचारायला सगळ्यांना संकोच वाटतो, ते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याखालच्या 2020 च्या नियमांत मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांची यादी आहे. तीत क्रीडा अकादमींचं नाव स्पष्ट आहे. तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं व्हायला हवी. नेटवाले दादा, व्हॅनचा चालक आणि मैदानाचा राखणदारही यात आले. 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत अत्याचाराचा आरोप झाला तो सफाई कर्मचाऱ्यावर, हे विसरू नये. पडताळणीचा कागद मागा. "आमच्यावर विश्वास नाही का" असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही. सर मुलीला रात्री वैयक्तिक मेसेज करतात का, बाहेरगावी सामन्यांना मुलींबरोबर बाई मॅनेजर असते का, मुक्कामाच्या खोलीत कोण कोण झोपतं, मालिश कोण करतं, हे सगळं मोकळेपणानं विचारा. मुलालाही सांगून ठेवा की सरांबद्दलची तक्रार घरात ऐकून घेतली जाईल.

संशय आला तर 1098 किंवा 112. अकादमीत 'मिटवून घेऊ' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. असा गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एका वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

फी महिन्याला हजार ते तीन हजार असते. वर्षाची एकदम भरल्यास सवलत, हे आमिष टाळा. पावती मात्र घ्याच. फी अडकली तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीला शुल्क लागत नाही.

पहिला हप्ता देण्याआधी एक अख्खा सराव मैदानाच्या कडेला बसून पाहा. पालकांना बसू देत नसतील, तर ती फी भरू नका.