काका, आमसुलं आत घ्या!

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली दुपार. जेवून पडवीत आडवा झालो होतो. अंगणात ताडपत्रीवर रातांब्याची सालं पसरलेली, आगळाचं तिसरं पुट दिलेली. डोळा लागतो न लागतो तोच फोन वाजला.

"काका, झोपलात काय? आमसुलं आत घ्या. इकडं रत्नागिरीत वळीव सुरू झालाय, पाच मिनिटांत तुमच्याकडं पोचेल."

आम्ही दोघं धावलो. ताडपत्रीची चार टोकं धरून आमसुलं पडवीत ओढली आणि मागोमाग टपोरे थेंब आलेच. बायको म्हणाली, "किती लक्ष आहे बिचाऱ्याचं!" कौतुकानं चहा टाकला. कप हातात देताना मात्र ती थांबली. "पण अहो, आमसुलं बाहेर आहेत हे त्याला कसं कळलं?"

फोन करणारा मुलगा आमचा भाचा नव्हे, शेजारी नव्हे. तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे कॅमेरे बसवून गेलेला दुकानदार. तो रत्नागिरीत, आम्ही गोळपात, मध्ये भाट्याचा पूल.

मी अंगणातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. बायको तिकडे पाहतच नव्हती. ती मागच्या दाराकडे गेली. चौथा कॅमेरा तिथं आहे. त्याच्या टप्प्यात न्हाणीचं दार येतं आणि कपडे वाळत घालायची दोरीही. ती काही बोलली नाही. जुन्या लुगड्याचा तुकडा आणला, स्टुलावर चढली आणि सुंभानं कॅमेऱ्याचं तोंड बांधून टाकलं. आमच्या घरातलं पहिलं प्रायव्हसी सेटिंग ते.

कॅमेरे का घेतले, तेही सांगतो. घरामागे हापूसची पंधरा-सोळा कलमं आहेत. मार्च लागला की वानर येतात आणि एप्रिल लागला की माणसं. पुण्याचा मुलगा मागेच लागला, "बाबा, कॅमेरे लावा, मला इथून दिसेल." चार कॅमेरे, एक रेकॉर्डर, वायर आणि मजुरी मिळून एकोणीस हजार रुपये गेले. चोर काही सापडला नाही. वानरांचं चित्रण मात्र फार सुरेख येतं. एकानं तर कॅमेऱ्याला नाक लावून आम्हाला सगळे दात दाखवले. त्या पुराव्याचं काय करायचं, हे मुलाला अजून सांगता आलेलं नाही.

रत्नागिरीला पाळत नवी नाही. ब्रह्मदेशाचा थिबा राजा इथं १८८६ ते १९१६ अशी तीस वर्षं नजरकैदेत होता. सावरकर १९२४ ते १९३७ जिल्ह्याबाहेर जायचं नाही या अटीवर इथं स्थानबद्ध होते. पण त्यांच्यावरच्या पाळतीचा खर्च निदान इंग्रज सरकार करत होतं. मी एकोणीस हजार स्वतःच्या पेन्शनमधून दिले, वर बसवायला आलेल्या पोरांना सोलकढी पाजली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. भांडायच्या तयारीनं गेलो होतो, पण तो इतका निर्मळपणे हसला की माझी वाफच गेली. "काका, मी काय बघत बसतो होय? तुमचा रेकॉर्डर मधेमधे ऑफलाइन दाखवत होता म्हणून उघडून बघितला, तर आमसुलं दिसली." आणि त्यानं मला फोन दाखवला. अॅपमध्ये यादी होती. बोटानं सरकवत गेला, सरकवत गेला. चाळीसेक नावं असतील. कोणाची माडी, कोणाची बाग, एका दवाखान्याचं मागचं दार, एका सोसायटीचा जिना. "सगळ्यांचं माझ्याकडंच असतं. सर्व्हिसला बरं पडतं. लोकांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत ना." त्यानं मात्र पासवर्ड लक्षात ठेवला होता, कारण चाळीसही घरांना एकच होता.

हा पोरगा वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. पण त्याच्या हाताखाली दोन मुलं आहेत, दुकानाचा फोन तिघं वापरतात, आणि आधीचा एक मुलगा दिवाळीत मुंबईला गेला तो अॅप फोनमध्ये घेऊनच.

मी चौतीस वर्षं पोस्टात काढली. पोस्टकार्ड सगळेच वाचायचे. खरं सांगायचं तर गावात नापास झाल्याची बातमी कार्डाच्या मालकाआधी पोस्टमनला कळायची. त्याबद्दल कोणाची तक्रार नसे, कारण लिहिणाराही ते उघडंच आहे असं समजून लिहायचा. पण पाकीट म्हणजे पाकीट. ते फोडणाऱ्या पोस्टाच्या माणसाला १८९८ च्या कायद्यात तुरुंगाची तरतूद होती, आणि कायदा नसता तरी आम्ही फोडलं नसतं. इथं मी पाकिटाचे पैसे मोजून पोस्टकार्ड विकत घेतलं होतं, तेही रोज चोवीस तास लिहिलं जाणारं.

तेव्हा ज्यांच्या घरी कॅमेरे आहेत किंवा पुढच्या आंब्याआधी लावायचे आहेत, त्यांनी एवढं समजून घ्यावं. कॅमेऱ्यांच्या यंत्रणेला दोन किल्ल्या असतात. एक रेकॉर्डरच्या डब्याची, म्हणजे 'अॅडमिन' नावाचा वापरकर्ता आणि त्याचा पासवर्ड. दुसरी फोनमधल्या अॅपची. डब्यावर सिरियल नंबर आणि क्यूआर कोड असतो. तो ज्याच्या खात्यात पहिल्यांदा स्कॅन होईल, तो अॅपच्या लेखी मालक. बाकीचे पाहुणे. माझ्या फोनवर कॅमेरे दिसत होते म्हणून मी स्वतःला मालक समजत होतो. मी आणि माझा मुलगा दोघेही त्या पोराचे पाहुणे होतो! मालक पाहुण्याला कधीही काढू शकतो. पाहुण्याला मालकाला काढता येत नाही. नुसता डब्याचा पासवर्ड बदलला म्हणजे सुटलात असंही नाही, अॅपमधली गाठ वेगळी सोडवावी लागते. ती साधारणपणे मालकानंच आपल्या फोनमधून सोडायची. तो सापडत नसेल तर बिल आणि सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या ग्राहकसेवेमागे लागायचं. म्हणून बिल घ्या. "बिलाशिवाय दोन हजार कमी होतील" म्हणतात, ते दोन हजार या किल्लीचे असतात.

बसवणारा शिडीवरून उतरला की त्याला लगेच पैसे देऊ नका. आधी अॅपमधलं खातं तुमच्या मोबाइल नंबरवर तुमच्यासमोर उघडायला लावा, क्यूआर तुमच्या फोननं स्कॅन करा, अॅडमिनचा पासवर्ड तुम्ही टाका आणि टाकताना त्याला चहा प्यायला पडवीत पाठवा. पासवर्ड वहीत लिहिला तरी चालेल, वही घरातच असते. पुढे दुरुस्तीला त्याला बघायची गरज पडली तर तेवढ्यापुरता कॅमेरा अॅपमधून शेअर करा आणि काम झालं की काढून टाका. बऱ्याच कॅमेऱ्यांना आता माइकही असतो, हे मला माहीतच नव्हतं. आमची सगळी भांडणं त्या डब्यात साठत होती. साधारण दोन आठवडे राहतात, मग जुन्यावर नवी चढतात. माइक सेटिंगमधून बंद होतो.

एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा-तपासणी सक्तीची झाली आहे. चांगलंच झालं. पण कुलूप कितीही चांगलं घेतलं तरी किल्ली दुकानात ठेवून आलो तर ती तपासणी काय करणार? २०२५ च्याच फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं, बायकांच्या तपासणीच्या खोलीतलं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघडकीला आलं. तिथला पासवर्ड 'अॅडमिन वन टू थ्री' होता, असं बातम्यांत आलं. ते वाचल्यावर मी बायकोच्या लुगड्याच्या तुकड्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

आणि एक गोष्ट कबूल करायला हवी. सगळं माझ्या ताब्यात आल्यावर मी पहिल्यांदा चारही चित्रं नीट पाहिली. तिसऱ्या कॅमेऱ्यात आमच्या गडग्यापलीकडची शेजारच्या वहिनींची विहीर पूर्ण दिसत होती. त्या पहाटे तिथं येतात. तीन महिने मी त्यांना दाखवत होतो, तेही भाट्याच्या पलीकडे. जाऊन सांगितलं. वहिनी हसल्या, पण त्यांचे यजमान भाऊ हसले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. त्याच दिवशी तो कॅमेरा कलमांकडे वळवला. वळवता येत नसेल तर चित्रातला नको तेवढा भाग काळा करायची सोय सेटिंगमध्ये असते, ती वापरावी. बाईला तिच्या खासगी क्षणी चोरून पाहणं किंवा टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. चुकून झालं, हे शेजाऱ्याला पटवत बसायची वेळ येऊ नये.

हे एकदा डोक्यात शिरल्यावर मी घरातल्या बाकीच्या किल्ल्या शोधायला लागलो. माझ्या फोनमधलं गुगल खातं फोन विकणाऱ्या मुलानं काढून दिलेलं. खातं माझं, पण पासवर्ड हरवला तर परत मिळवायचा नंबर त्याचा. म्हणजे माझे फोटो, माझ्या बहिणींचे नंबर, पेन्शनचे कागद, सगळ्याचा वारस तो! तो नंबर बदलायला दहा मिनिटं लागली, कळायला चार वर्षं. मग संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहिलं. तीन निघाली, माझ्याकडे दोन. तिसऱ्यापुढे 'माझा नंबर नाही' हे बटण दाबलं. आधारची प्रत मी कुठं कुठं व्हॉट्सअॅप केली आहे, ते मोजायला बसलो आणि मधेच सोडून दिलं. झेरॉक्सच्या दुकानात तर प्रिंट काढायला आपण सगळेच पाठवतो, आणि ती प्रत तिथल्या कॉम्प्युटरवर पडून राहते. आता मी फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं 'मास्क्ड' आधार देतो आणि प्रिंट निघाली की समोर उभा राहून फाइल पुसायला लावतो. मागची गिऱ्हाइकं वैतागतात. वैतागू देत.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, आणि २०२३ साली वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदाही झाला. त्यात अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे. पण आमच्या तालुक्यातला बहुतेक डेटा चोरीला जातच नाही. तो आपण "तूच कर रे बाबा, मला काय कळतंय" म्हणून हातात देतो. आमच्या पिढीचं हे लाडकं वाक्य. मीही ते किती वेळा म्हटलं असेल! मुलगा-सून घरी आली की फोन त्यांच्या हातात देऊन "बघ काय ते" म्हणू नका. फोन आपल्याच हातात धरा, त्यांना शेजारी बसवा आणि कुठं दाबायचं ते विचारा. वेळ लागतो. त्यांना घाई असते. त्यांना दुसरा चहा द्या.

दुकानदारानं माझं घर त्याच्या यादीतून माझ्यासमोर काढलं. बाकीच्यांचंही काढतो म्हणाला. काढलं की नाही, मला ठाऊक नाही. रत्नागिरीत कॅमेरे असतील तर तुमच्या अॅपमध्ये मालक कोण आहे ते आज बघून घ्या.

मागच्या दाराचा कॅमेरा आम्ही उतरवला. बाकीचे तीन आहेत, वानरही आहेत.

यंदा मे महिन्यात वळीव असाच दुपारी आला. आम्ही दोघंही झोपलो होतो. फोन कोणाचा आला नाही. पाच किलो आमसुलं भिजली.