गढूळ पाणी निवळते कसे?

नवी मुंबईतील घणसोली गावाच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी पसरली आहे. भरती येऊ लागली म्हणजे खाडीचे मातकट पाणी कांदळवनात शिरते. झाडांच्या मुळांत त्याचा वेग मंदावतो आणि ओहोटीबरोबर ते परतते, तेव्हा थोडा गाळ मुळांपाशीच राहिलेला असतो. ठाणे खाडीच्या काठावरील मिठागरांत हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणीत. आत घेतलेले पाणी प्रथम एका मोठ्या खाचरात निवांत ठेवीत. गाळ खाली बसल्यावरच ते पुढील वाफ्यांत सोडीत. नाहीतर मीठही मातकट होई.

पाणी वाहते तोवर मातीचे कण त्याच्याबरोबर तरंगत जातात. ते थबकले की कण खाली बसतात. परंतु सगळेच कण सारखे नसतात. एक दशांश मिलिमीटर जाडीचा वाळूचा कण १ मीटर खोल स्थिर पाण्यात सुमारे २ मिनिटांत तळ गाठतो. चिकणमातीचा कण त्याहून १०० पट लहान असला, तर त्याला तेवढेच अंतर उतरण्यास जवळजवळ २ आठवडे लागतात! शिवाय अशा कणांवर सारखाच, म्हणजे ऋण विद्युत्भार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि एकत्र येऊन जड होत नाहीत.

तहानलेले शहर दोन आठवडे कसे थांबणार? नवी मुंबईला पाणी मिळते ते मुख्यतः रायगड जिल्ह्यात धावरी नदीवर बांधलेल्या मोरबे धरणातून. ते भोकरपाडा येथील केंद्रात शुद्ध केले जाते. अशा केंद्रांत पाण्यात तुरटी किंवा तुरटीसारखे ॲल्युमिनियमचे क्षार मिसळतात. त्यांच्यामुळे कणांचे परस्परांना लोटणे थांबते. मग पाणी हळूहळू ढवळतात. कणाला कण चिकटून कापसाच्या पुंजक्यांसारखे पुंजके तयार होतात. येथे घाई चालत नाही; जोराने ढवळले तर जमलेले पुंजके पुन्हा फुटतात. आपल्याकडे घरोघरी माठात तुरटी फिरवीत, तेही याच कारणासाठी. काही ठिकाणी निवळीची बी माठाला आतून घासत. सुश्रुतसंहितेत ही बी ‘कतक’ या नावाने आली आहे.

पुंजके जड होऊन मोठ्या टाकीत खाली बसतात आणि वरचे निवळ पाणी वाळूच्या थरांतून झिरपू देतात. वाळूच्या दाण्यांमधील फटी उरलेल्या कणांपेक्षा पुष्कळ मोठ्या असतात, तरीही कण अडकतात! कारण ते नुसते गाळले जात नाहीत, तर दाण्यांना चिकटून बसतात. काही काळाने वाळू तुंबते. तेव्हा खालून वर उलट दिशेने जोराचे पाणी सोडून ती धुतात.

क्लोरीन मिसळतात ते शेवटी. पाणी गढूळ असता पटकी व विषमज्वराचे जंतू मातीच्या कणांच्या आड दडून राहतात आणि औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. कण गेले की त्या जंतूंना लपण्यास जागाच उरत नाही.